स्क्रीनगार्ड लावलात, टायर बघितलात?

गाडीच्या लुकवर आपण हजारो रुपये घालतो. पण जी गोष्ट आपल्याला रस्त्यावर धरून ठेवते, तिच्याकडे वाकून बघायला आपल्याला वेळ नसतो. आणि गंमत म्हणजे, आपल्याऐवजी ते बघणारं दुसरं कोणीही नाही.

नवा मोबाईल घेतला की आपण पहिलं काय करतो? दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आधी स्क्रीनगार्ड लावून घेतो. मग मागचं कव्हर. वीस हजारांच्या वस्तूला ओरखडा पडू नये म्हणून केवढा जीव तुटतो आपला!

आता बाईक. नवी असो नाहीतर काकांनी वापरून दिलेली, पहिल्या महिन्यात तिच्यावर काय काय चढतं बघा. मोबाईल होल्डर, एलईडी, बारएंड मिरर, नंबरप्लेटवर काहीतरी भारी ओळ, आणि जमलंच तर शेजारपाजाऱ्यांची झोप उडवणारा सायलेन्सर. या सगळ्या यादीत टायर कुठे असतो? शेवटी. तोही पंक्चर झाला तरच.

एक साधं गणित करू. शाळेतला दाबाचा धडा आठवा. गाडी समजा ११० किलोची, तुम्ही ७० किलोचे. झाले १८०. टायरमधल्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो धरा. भागाकार केला की उत्तर येतं ९० चौरस सेंटिमीटर. हिशेब ढोबळ आहे, पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकलेली एकूण जागा एवढीच. तुमच्या हातातल्या मोबाईलची स्क्रीन याहून थोडी मोठीच असेल.

म्हणजे तुम्ही ब्रेक मारता, वळता, खड्डा चुकवता, अचानक आडव्या आलेल्या कुत्र्याला वाचवता, ते सगळं या स्क्रीनएवढ्या रबरावर. इंजिन कितीही सीसीचं असू दे, पुढे डिस्क असू दे, एबीएस असू दे. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, हे खरं. पण रस्ता धरायचं काम रबराचं आहे. रबरच गुळगुळीत झालं असेल तर एबीएस बिचारं काय करणार?

पंधरा वर्षं कोणी विचारत नाही

रिक्षा, एसटी, ट्रक यांना ठरावीक मुदतीने आरटीओकडून फिटनेस करून घ्यावं लागतं. आपल्या खासगी दुचाकीचं तसं नाही. एकदा रजिस्ट्रेशन झालं की पंधरा वर्षं. तोपर्यंत पीयूसी लागते, इन्शुरन्स लागतो, चौकात हेल्मेट आणि लायसन्स बघतात. पीयूसीवाला धूर तपासतो, टायर नाही. कॉलेजच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला आयकार्ड आणि हेल्मेट बघतो, टायर नाही. लायसन्सच्या टेस्टला मैदानावर आठचा आकडा काढून दाखवला की आपण पास. 'जरा टायरला हात लाव आणि सांग, हा चालेल का?' असं विचारतंय कोण?

थोडक्यात, तुम्ही फर्स्ट इयरला घेतलेली गाडी तुमचं लग्न होऊन पोरं शाळेत जाईपर्यंत सरकारी नजरेखाली येणार नाही. मधल्या काळात तिच्या टायरचं काय झालं, हे तपासणारा एकच माणूस उरतो. तो म्हणजे तुम्ही.

आणि हा प्रश्न किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातल्या दर शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती. हे सगळे टायरमुळे गेले असं कोणीच म्हणणार नाही. वेग होता, दारू होती, हेल्मेट नव्हतं, समोरच्याची चूक होती, खड्डा होता. पण शेवटच्या क्षणी गाडी दोन मीटर आधी थांबली असती तर? ते दोन मीटर टायर देतो.

जाड टायर म्हणजे भारी?

आता थोडं वाकड्यात शिरू. मागचा टायर दोन साइज जाड टाकला की गाडी 'दिसते', हे मान्य. पण ती धावते कशी?

प्रत्येक टायर ठरावीक रुंदीच्या रिमसाठी बनवलेला असतो. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या जातात आणि मधला भाग फुगीर होतो. सरळ चालताना जमिनीला टेकणारी पट्टी उलट कमी होऊ शकते. वर वजन वाढतं, मायलेज उतरतं, गाडी वळायला जड होते, आणि कधी कधी टायर चेनला किंवा चेनकव्हरला घासायला लागतो. मघाचं गणित परत बघा. टेकणारी जागा मुख्यतः वजन आणि हवेच्या दाबावर ठरते. जाडीने तिचा आकार बदलतो, पण क्षेत्रफळ काही दुप्पट होत नाही. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण जास्त ग्रिप घेतली, हा समज बहुतेक वेळा समजच असतो.

दुसरी फॅशन खडबडीत ऑफरोड टायरची. मोठ्या गुटख्यांची नक्षी, एकदम लडाख रिटर्न लुक. चिखलात, मातीत हा टायर राजा आहे. पण आपण रोज जातो कुठे? हॉस्टेल ते कॉलेज, कॉलेज ते क्लास, क्लास ते चहाची टपरी. सगळा डांबरी नाहीतर सिमेंटचा रस्ता. तिथे या टायरचे फक्त गुटखेच जमिनीला टेकतात, मधल्या मोठ्या खाचा हवेतच. ओल्या डांबरावर वळताना मग कळतं. गावाकडे शेतात जायचं असेल, कच्चा रस्ता रोजचा असेल, तर मधल्या प्रकारचा, दोन्हीकडे चालणारा टायर घ्या. पण फक्त फोटोसाठी? नको.

आणि एक ठरलेला डायलॉग असतोच. 'अरे, मोटोजीपीत तर गुळगुळीतच टायर असतात!' बरोबर. कोरड्या ट्रॅकवर असतात. पाऊस आला की तेच रायडर पिटमध्ये येतात आणि पावसाचे टायर लावलेली दुसरी बाईक घेऊन परत बाहेर पडतात. तुमच्या पार्किंगमध्ये दुसरी बाईक उभी आहे का? नाही ना? मग आपल्याला एकाच टायरवर मार्च पण काढायचाय आणि जुलै पण. त्याच्या खाचांचं काम नक्षी दाखवणं नाहीये. टायर आणि रस्ता यांच्यामधलं पाणी बाहेर फेकणं हे त्यांचं काम. खाच संपली की पाणी मधेच राहतं आणि गाडी त्या पाण्यावरून घसरते.

टायर वाचायला शिका

मेसेज वाचतो, मेन्यूकार्ड वाचतो, टायर वाचत नाही. खरं तर सगळं त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

समजा लिहिलंय १००/९०-१७. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. त्यापुढे ५५ आणि इंग्रजी पी असं काही असेल, तर ५५ म्हणजे तो टायर योग्य हवेवर २१८ किलोपर्यंत वजन पेलू शकतो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी तो बनवलाय. नवा टायर घेताना साइज तीच ठेवा, आणि हे शेवटचे दोन्ही संकेत कंपनीने सांगितल्यापेक्षा खालचे नकोत. आयएसआयचा शिक्का बघा.

मग शोधा चार आकडे, छोट्या लांबट चौकटीतले. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. ही त्याची जन्मतारीख. दुकानदार 'एकदम नवा माल' म्हणून देतोय तो टायर चार वर्षं गोदामात पडून होता का, हे इथे कळतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघणारे आपण दोन-तीन हजारांच्या वस्तूवरची तारीख बघत नाही, हे जरा विचित्रच.

कारण रबर म्हातारं होतं. नक्षी शाबूत असली तरी ते कडक होतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. मोठा भाऊ नोकरीला गेला, गाडी दोन वर्षं अंगणात उभी होती, आता ती तुमच्याकडे आलीये, टायरवर खाचा छान दिसतायत. तरी फसू नका. पाच वर्षं झालेला टायर दर वर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षांचा झाला असेल तर कसाही दिसू दे, निरोप द्या.

झिजलाय का हे बघायलाही मीटर लागत नाही. टायरच्या कडेला छोटा बाण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत खाचेत बोट घाला, तळाशी एक छोटा उंचवटा लागेल. वरचं रबर झिजत झिजत त्या उंचवट्याला आलं की टायर संपला. त्यानंतर 'अजून दोन महिने निघतील' हे वाक्य बंद.

हायवेवर सरळ सरळ गाडी चालवणाऱ्यांचा मागचा टायर मधोमध चपटा होतो, कडेची नक्षी मात्र नवीकोरी. बघणारा म्हणतो, चांगलाय की! पण झिजतं कुठे, तर मध्ये. म्हणून मध्येच बघायचं.

'एवढे पैसे कुठून आणू?'

हा प्रश्न खरा आहे, तो टाळून चालणार नाही. मेसचे पैसे, रूमचं भाडं, परीक्षेची फी यातून टायरसाठी दोन-अडीच हजार काढणं सोपं नसतं. म्हणूनच जुन्या बाजारात वापरलेला टायर किंवा रिमोल्ड निम्म्याहून कमी किमतीत मिळाला की हात तिकडे जातो.

पण हिशेब पूर्ण करू. समजा टायर २२०० रुपयांचा, आणि तो २० हजार किलोमीटर चालला. एका किलोमीटरला पडले ११ पैसे. पेट्रोल १०० रुपयांच्या पुढे, गाडी लिटरला ५० देते असं धरलं तर किलोमीटरला २ रुपयांहून जास्त. म्हणजे पेट्रोलच्या मानाने टायर हा खर्च चिल्लर आहे. अडचण एवढीच की तो एकदम येतो. मग महिन्याला शंभर-दीडशे बाजूला टाकायला सुरुवात करा. मित्राच्या बर्थडेला आपण तेवढा केक एकमेकांच्या तोंडाला फासतो.

आणि शॉर्टकट घ्यायचाच असेल तर तो एलईडीत घ्या, सीटकव्हरमध्ये घ्या. टायरमध्ये नको. वापरलेल्या टायरला आत काय झालंय, तो कुठे आपटलाय, किती वेळा पंक्चर काढलंय, हे वरून पॉलिश मारल्यावर कोणालाच सांगता येत नाही. 'सॉफ्ट कंपाउंड', 'हार्ड कंपाउंड' हाही असाच घोळ. मऊ रबर रस्ता चांगला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर जास्त चालतं पण धरतं कमी. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर अपडाउन करणाऱ्याने आणि फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्याने एकच टायर घ्यायला पाहिजे असं नाही. दुकानात गेल्यावर 'सगळ्यात स्वस्त कुठला?' याआधी 'मी रोज इतकं आणि अशा रस्त्यावर चालवतो' हे सांगा. दुकानदार माहितगार असेल तर त्याचाही प्रश्न हाच असेल.

एकच टायर बदलण्याएवढे पैसे असतील तर लोक मागचा बदलतात, कारण तो आधी झिजतो. झिजलेला तोच असेल तर ठीक. पण पुढच्याकडे दुर्लक्ष नको. ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं आणि वळवणारं चाकही तेच. मागचा घसरला तर सावरायची थोडी संधी असते. पुढचा घसरला की बहुतेक वेळा आपण आडवेच.

'टाका तीस-तीस'

पंपावर हवा भरायला जातो. हवावाले काका विचारतात, 'किती?' आपण म्हणतो, 'टाका तीस-तीस.' कुठून आला हा आकडा? कोणालाच माहीत नाही. वडील म्हणायचे, म्हणून आपण म्हणतो.

तुमच्या गाडीचा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर, नाहीतर मॅन्युअलमध्ये. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. एकटे असताना वेगळा, डबलसीट वेगळा. बऱ्याच ११० सीसी स्कूटरना पुढे २२, मागे एकट्याला २९ आणि डबलसीटला ३६ पीएसआय असा दाब सांगितलेला असतो. म्हणजे 'तीस-तीस' केलं की पुढचं चाक दगडासारखं कडक, उड्या मारणारं, आणि मैत्रीण मागे बसली की मागचं चाक बसकं. एकाच वाक्यात दोन्ही चुका!

हवा कमी असली की टायर दबतो, बाजू सारखी वाकते, आतून तापतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या ४५ अंशांच्या उन्हात, डबलसीट, कमी हवेवर गाडी पळवणं म्हणजे टायरला तव्यावर ठेवणं. वर पेट्रोलही जास्त जातं. हवा जास्त असली की टेकणारी जागा कमी होते आणि मधलं रबर आधी झिजतं. पंक्चर नसतानाही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते. म्हणून दर पंधरा दिवसांनी बघायची. टायर थंड असताना, म्हणजे घरातून निघाल्या निघाल्या जवळच्या पंपावर. तीस किलोमीटर पळवून मग मोजली तर काटा जास्तच दाखवणार. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी, तो आपला हक्क आहे. आणि नायट्रोजनच्या मागे धावायची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा असेल तर भरा, पण तो भरला म्हणून सहा महिने हवा न बघणं हा मूर्खपणा.

ट्यूबलेसचाही असाच गैरसमज. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी एकदम झोकांडी खात नाही, हा मोठा फायदा. पण मग खिळ्यासकट आठ-आठ दिवस गाडी चालवणारे वीर आहेत. दोरी घालून काढलेलं पंक्चर ही घरी पोचायची सोय आहे. नंतर टायर उतरवून आतून पॅच मारून घ्या. आणि बाजूच्या भिंतीला छेद गेला असेल तर कुठलाही पॅच नको, टायरच बदला.

रस्ते खराब आहेत, मग?

'टायर-टायर काय करता, आधी खड्डे बुजवा!' हे ऐकू येणारच. बुजवलेच पाहिजेत. त्यासाठी भांडलंच पाहिजे, त्यात अजिबात माघार नको. पण खड्डा बुजेपर्यंत आपण त्याच रस्त्यावरून जाणार आहोत ना? रस्ता जितका वाईट, तितका टायर चांगला लागतो.

आपल्याकडे रस्ता वर्षभर एकसारखा कुठे असतो? जूनचा पहिला पाऊस आला की महिनोन् महिने डांबरावर साचलेलं तेल आणि धूळ यांचा बुळबुळीत थर वर येतो, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांना ताम्हिणी आणि माळशेज आठवतो. कोकणात तांबडा चिखल रस्त्यावर येतो. दिवाळीनंतर कोल्हापूर-सांगलीकडे उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की रस्त्यावर माती, पाचट, सांडलेला ऊस. शहरात झेब्राचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं, रेल्वे फाटकाचे रूळ. ओले असले की सगळे साबणासारखे. हे काही एका दिवसात बदलणार नाही. टायर मात्र एका दुपारी बदलता येतो.

'बाबा बघतात', 'मेकॅनिक बघतो'

आता माझा खरा आक्षेप. स्कूटर तिची, कॉलेजला रोज तीच नेते, पेट्रोल तिच्याच पॉकेटमनीतून. हवा मात्र 'दादा भरून आणतो', सर्व्हिसिंग 'बाबा बघतात'. मुलींना गाडी मिळाली, पण गाडीची माहिती मिळाली नाही. 'तुला काय कळतंय त्यातलं' म्हणत घरच्यांनीच ती दिली नाही. पावसात, आडरस्त्याला, टायर बसल्यावर दादा तिथे असतो का? हवेचा काटा वाचायला ताकद लागत नाही. तेव्हा मुलींनो, पुढच्या वेळी चावी देऊ नका, स्वतः जा.

मुलांचं फार वेगळं आहे असंही नाही. रील्सवरून टॉर्क आणि बीएचपी पाठ, पण स्वतःच्या गाडीची पुढची हवा किती हे विचारलं की 'आमचा मेकॅनिक बघतो'. मेकॅनिक बघतो, पण तीन-चार महिन्यांतून एकदा. तुम्ही रोज चालवता. आणि सर्व्हिसिंगहून गाडी चकाचक धुऊन आली म्हणजे टायर बघितला गेला, असं नसतं. जॉबकार्डवर 'टायर आणि हवा तपासणे' असं स्वतःहून लिहायला लावा. पैसे तुमचेच आहेत.

सगळ्यात मोठी गोष्ट, तुमच्या मागे कोणीतरी बसतं. लिफ्ट मागणारा वर्गमित्र, परीक्षेला सोडायची बहीण, दवाखान्यात न्यायची आजी. त्यांनी तुमचा टायर बघितलेला नसतो. ते विश्वासाने बसतात. त्यांच्या जिवाची जबाबदारी आपण न बोलता घेतलेली असते. मला वाटतं, गाडीची काळजी ही हौसेची नाही, या जबाबदारीची गोष्ट आहे.

म्हणून एक साधी मागणी. प्रत्येक कॉलेजमध्ये रस्ता सुरक्षेचं व्याख्यान होतं, शपथ होते, फोटो होतो. त्याऐवजी एनएसएसच्या पोरापोरींनी महिन्यातून एकदा पार्किंगमध्ये हवेचा काटा घेऊन उभं राहावं. काटा काही शे रुपयांत येतो. येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या टायरची तारीख आणि हवा दाखवावी. दंड नको, भाषण नको. फक्त दाखवायचं. आपल्या टायरची जन्मतारीख पहिल्यांदा कळली की माणूस दुसऱ्यांदा स्वतःच वाकून बघतो.

चौकट : रविवारची दहा मिनिटं

• टायर : गाडी मेन स्टँडवर घ्या. चाक हाताने हळू फिरवा. अडकलेले खडे, खिळे, काचा, बाजूच्या भेगा, कुठे फुगवटा आलाय का ते बघा. फुगवटा दिसला की गाडी गॅरेजलाच.

• हवा : दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. व्हॉल्व्हची टोपी हरवली असेल तर लावून घ्या.

• चेन : मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. धूळ पुसून चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. जळकं इंजिन ऑइल नको. चेन पुसताना बोटं सांभाळा, इंजिन बंदच हवं.

• ब्रेक : ड्रम ब्रेकवरचा बाण खुणेपर्यंत पोचला की लायनर संपले. डिस्क असेल तर पॅडची जाडी आणि फ्लुइडची लेव्हल बघा. चेनचं तेल डिस्कवर किंवा टायरवर उडू देऊ नका.

• ऑइल : गाडी सपाट जागी सरळ उभी करून लेव्हल बघा. काळं झालंय म्हणून घाबरू नका, कमी झालंय का ते बघा.

• नवा टायर : फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर बसवलाय ना, ते तिथेच बघून घ्या. सुरुवातीचे शे-दीडशे किलोमीटर जोरात वळणं आणि ब्रेक टाळा. नव्या रबराचा गुळगुळीत थर जायला तेवढं चालवावं लागतं.

हे वाचून झालं की बाकी काही करू नका. पार्किंगमध्ये जा, खाली वाका आणि ते चार आकडे शोधा. नाही सापडले तर मैत्रिणीला, मित्राला बोलवा, दोघं मिळून शोधा. सापडले की त्याच्याही गाडीचे बघा.